आठ गोलांचा हिशेब

पराभवाची चौकशी करण्याची रीत सर्वत्र आहे. विजयाची चौकशी करण्याचा प्रघात मात्र फारसा कोठे आढळत नाही. संघ हरला की निवड चुकली, प्रशिक्षक चुकला, मैदान प्रतिकूल होते, पंच आंधळे होते, अशी कारणांची जंत्री दुसऱ्याच दिवशी तयार होते. तोच संघ जिंकला, आणि तोही दणदणीत फरकाने जिंकला, की साऱ्या शंका गुलालात बुडून जातात. वर्गात ९८ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहण्याची तसदी कोणता शिक्षक घेतो? वस्तुतः अशाच उत्तरपत्रिकेत कधी कधी एखादे उत्तर केवळ दैवाने बरोबर आलेले असते, आणि पुढच्या इयत्तेत नेमके तेच उत्तर त्या विद्यार्थ्याला दगा देते.

व्यावसायिक फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासात अशी एक उत्तरपत्रिका आहे. १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बन येथील लूझ स्टेडियमवर जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने स्पेनच्या बार्सिलोना क्लबचा ८-२ असा पराभव केला. युरोपातील चॅम्पियन्स लीगची ही उपान्त्यपूर्व फेरी. एरवी ही फेरी दोन सामन्यांची असते, प्रत्येकाच्या घरच्या मैदानावर एकेक. परंतु महासाथीमुळे त्या वर्षी एकाच शहरात एकेक सामना खेळवून निकाल लावण्याचे ठरले होते. प्रेक्षागार रिकामे होते. खेळाडूंच्या हाका आणि बुटांचे आवाज दूरचित्रवाणीवर स्पष्ट ऐकू येत होते. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि स्वातंत्र्यदिन उजाडायचा होता; घरात कोंडलेल्या हजारो तरुणांनी त्या अपरात्री जागून जे पाहिले, त्यावर त्यांचा प्रथम विश्वास बसला नसेल. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत एका संघाने एकाच सामन्यात आठ गोल करण्याची ती पहिलीच वेळ, आणि बार्सिलोनाने एका सामन्यात आठ गोल स्वीकारावेत, असे १९४६ नंतर प्रथमच घडत होते.

त्या रात्रीनंतर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन बार्सिलोनाच्या शवविच्छेदनाचे होते. ते स्वाभाविकही होते. पण विजेत्याच्या खेळाची परीक्षा त्यामुळे राहून गेली. आज, त्यानंतर घडलेल्या बऱ्याच गोष्टी समोर असताना, ती करणे अधिक सोपे आहे आणि अधिक उपयुक्तही.

सामना नेमका किती मिनिटांचा?

पूर्ण वेळेचा धावफलक पाहणाऱ्याला वाटेल की नव्वद मिनिटे एकतर्फी आक्रमण चालले होते. सामन्याचा आरंभ तसा नव्हता. चौथ्याच मिनिटाला थॉमस म्युलरने रॉबर्ट लेवांडोव्हस्कीबरोबर चेंडूची देवाणघेवाण करून पहिला गोल केला, हे खरे. परंतु तीनच मिनिटांनी बरोबरी झाली. डाव्या बाजूने जॉर्डी आल्बाने आत मारलेला चेंडू अडविण्याच्या प्रयत्नात बायर्नच्या डेव्हिड आलाबाने तो स्वतःच्याच जाळ्यात धाडला. ही चूक केवळ पायाची होती असे म्हणून चालणार नाही. आल्बा ज्या मोकळ्या जागेत धावला, ती जागा बायर्नच्या बचावफळीमागे होती, आणि बायर्नने ती बुद्धिपुरस्सर मोकळी सोडलेली होती. पाठोपाठ लुईस सुआरेझ एकटाच गोलरक्षकासमोर आला. मान्युएल नॉयरने तो गोल वाचविला. लगेच लिओनेल मेस्सीने उजवीकडून आत वळविलेला चेंडू कुणाच्याही पायाला न लागता खांबावर आदळून परतला.

म्हणजे पहिल्या दहा-बारा मिनिटांत बार्सिलोना २-१ अथवा ३-१ असे पुढे असते, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. तसे झाले असते, तर पुढचा सामना कसा गेला असता, हा प्रश्न विजयोत्सवात कुणी विचारीत नाही. तो विचारण्याजोगा मात्र आहे. कारण बायर्नची जी पद्धत पुढच्या वीस मिनिटांत विजयाचे साधन ठरली, तीच पद्धत आरंभीच्या दहा मिनिटांत संकटाचे कारण होती.

ती पद्धत अशी. प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांचा संघ आपली बचावफळी गोलापासून खूप पुढे, जवळजवळ मध्यरेषेपर्यंत आणून उभी करीत असे. त्यामुळे मैदान लहान होते. प्रतिपक्षाला चेंडू खेळविण्यास जागा उरत नाही. चेंडू गमावला की माघारी पळायचे नाही. ज्याच्या पायात चेंडू गेला त्याच्यावर तेथल्या तेथे तीन-चार जणांनी तुटून पडायचे. चेंडू परत मिळाला तर प्रतिपक्षाचा गोल जवळच असतो. मिळाला नाही, आणि प्रतिपक्षाने त्या घोळक्यातून एक अचूक लांब पास काढला, तर मागे अर्धे मैदान मोकळे असते आणि तेथे उभा असतो एकटा गोलरक्षक. हा जुगार आहे. नॉयरसारखा, गोलचौकट सोडून पुढे येऊन बचावपटूसारखा खेळणारा गोलरक्षक असल्यावाचून तो खेळताच येत नाही.

बार्सिलोनाने तो अचूक लांब पास दोन-तीनदा काढला. नंतर मात्र त्यांना तो काढता आला नाही. एकविसाव्या मिनिटाला मध्यभागी सेर्जी रोबेर्तोच्या पायातून चेंडू निसटला, सर्ज नाब्रीने तो डावीकडे दिला आणि इव्हान पेरिसिचने दुसरा गोल केला. सत्ताविसाव्या मिनिटाला लिओन गोरेट्स्काने बचावपटूंच्या डोक्यावरून उचलून दिलेल्या चेंडूवर नाब्रीने तिसरा गोल केला. एकतिसाव्या मिनिटाला योशुआ किमिखच्या पासवर म्युलरने चौथा. सामना खरा तो या दहा मिनिटांचा. त्यापूर्वी तो समतोल होता, त्यानंतर तो संपला होता.

उत्तरार्धात सुआरेझने बोआटेंगला चकवून सुरेख गोल केला आणि ४-२ अशी स्थिती झाली, तेव्हा क्षणभर आशा पालवली खरी. पण सहाच मिनिटांनी आल्फोन्सो डेव्हिसने नेल्सन सेमेडोला डाव्या बगलेवर जे नाचविले, त्याने ती विझली. गोलरेषेलगत आत शिरून त्याने मागे दिलेला चेंडू किमिखने केवळ जाळ्यात ढकलला. गोल किमिखच्या नावावर लागला; त्याचे श्रेय कुणाचे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटचे तीन गोल ८२ व्या मिनिटापासूनचे. त्यांचा विचार संघाच्या गुणवत्तेचे माप म्हणून करणे गैर होईल. ते गोल ज्या संघाविरुद्ध झाले तो संघ तेव्हा मनाने मैदानावर नव्हताच.

योजना किती, योगायोग किती

बायर्नचा हा संघ नऊ महिन्यांपूर्वी अस्तित्वात नव्हता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २ नोव्हेंबर २०१९ रोजी फ्रँकफुर्टकडून ५-१ असा मार खाऊन बायर्नने आपले प्रशिक्षक निको कोवाच यांना निरोप दिला आणि त्यांचे सहायक फ्लिक यांच्याकडे तात्पुरता कारभार सोपविला. फ्लिक हे नाव तोवर सर्वसामान्य क्रीडारसिकाच्या ओळखीचे नव्हते. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीने यजमान ब्राझीलला ७-१ असे चिरडले, तेव्हा ते जर्मन संघाचे सहायक प्रशिक्षक होते. नॉयर, बोआटेंग आणि म्युलर हे तिघे त्या दिवशी बेलो ओरिझोन्तीच्या मैदानावरही होते आणि तेथेही पहिला गोल म्युलरचाच होता. एकतर्फी विजयाचा एवढा अनुभव गाठीशी असलेली मंडळी फुटबॉलमध्ये विरळाच. फ्लिक यांच्या हाती सूत्रे आल्यानंतरही दोन सामने गमावून बायर्न डिसेंबरमध्ये लीगमध्ये सातव्या स्थानावर घसरला होता. तेथून तो संघ जर्मन लीग जिंकतो, जर्मन चषक जिंकतो आणि चॅम्पियन्स लीगमधील अकराही सामने जिंकून युरोपचा विजेता ठरतो. त्या स्पर्धेत एकही सामना न गमावता आणि एकही बरोबरीत न सोडता विजेतेपद मिळविणारा तो पहिला संघ.

यातील योजनेचा भाग मोठा होता. म्युलरला कोवाच यांच्या राजवटीत राखीव खेळाडूंत बसावे लागत असे. फ्लिक यांनी त्याला पुन्हा संघाच्या मध्यभागी आणले. शारीरिक तयारीवर त्यांनी विलक्षण भर दिला, आणि वसंतात खेळ बंद पडला असतानाही खेळाडूंचा व्यायाम घरोघरी चालू राहील याची क्लबने काळजी घेतली. ऑगस्टमध्ये लिस्बनला पोहोचलेल्या संघांत बायर्न सर्वांत ताजातवाना दिसत होता, तो उगाच नव्हे.

पण योगायोगाचा भागही लहान नव्हता. त्या रात्रीचा सर्वांत नेत्रदीपक खेळाडू डेव्हिस हा बचावपटू म्हणून आलाच नव्हता. लायबेरियातील यादवीतून निसटलेल्या आईबापांच्या पोटी घानामधील निर्वासितांच्या छावणीत २००० साली त्याचा जन्म झाला. बालपण कॅनडात गेले. व्हँकूव्हरच्या क्लबकडून तो २०१९ च्या जानेवारीत म्युनिकला आला तो आघाडीचा बगलपटू म्हणून. २०१९ च्या शरद ऋतूत निक्लास झ्यूले आणि लुका हर्नांडेझ हे दोन बचावपटू जायबंदी झाले, आलाबाला डावीकडून मध्यभागी सरकावे लागले आणि रिकाम्या झालेल्या डाव्या जागेवर या पोराला उभे करण्यात आले. त्याची धाव इतकी वेगवान निघाली की बचावफळी पुढे नेण्याचा जुगार खेळणे शक्य झाले. मागे मोकळ्या जागेत चेंडू पडला तरी डेव्हिस धावत जाऊन तो गाठीत असे. लिस्बनच्या सामन्यात उजवीकडे किमिख खेळला तोही बांजामँ पाव्हार जायबंदी होता म्हणून. एरवी तो मधल्या फळीत असता. त्याच किमिखने एका गोलास साहाय्य केले आणि एक गोल स्वतः केला. हर्नांडेझसाठी बायर्नने आठ कोटी युरो मोजले होते. जर्मन क्लबांच्या इतिहासात तोवर एवढी रक्कम कुणी कुणावर खर्चिली नव्हती. तो बरा होऊन परतला तेव्हा त्याची जागा भरलेली होती, आणि लिस्बनला सामना सुरू झाला तेव्हा तो बाकावर होता.

यावरून बायर्नच्या व्यवस्थापनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आलेल्या अडचणीतून वाट काढणे हेही कर्तृत्वच. मात्र जे अडचणीतून निपजले त्याला दूरदृष्टीचे फळ म्हणणे, ही विजयानंतरची एक सार्वत्रिक खोड आहे, आणि म्युनिकमध्येही ती दिसून आली.

रकमांचा तक्ता

आता पराभूत बाजूकडे वळले पाहिजे, कारण आठ गोलांपैकी काही गोल बायर्नने केले त्याहून बार्सिलोनाच्या कचेरीत झाले, असे म्हणण्यास जागा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलचा नेमार पॅरिसला गेला आणि बार्सिलोनाच्या तिजोरीत २२ कोटी २० लक्ष युरो पडले. अवचित हाती आलेल्या पैशाचे जे होते तेच त्या पैशाचे झाले. त्याच महिन्यात उस्मान देंबेलेसाठी १० कोटी ५० लक्ष, २०१८ च्या जानेवारीत फिलिपे कुटिन्योसाठी १२ कोटी, २०१९ च्या जुलैत अंत्वान ग्रीझमनसाठी पुन्हा १२ कोटी. वर अटींनुसार द्यावयाच्या रकमा वेगळ्याच. खिशात पैसा आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक असताना खरेदीला निघालेल्या माणसाला कोणता दुकानदार रास्त भाव सांगतो? या तिघांपैकी एकही जण लिस्बनमध्ये बार्सिलोनाच्या पहिल्या अकरा खेळाडूंत नव्हता. दोघे बाकावर होते. तिसरा, कुटिन्यो, प्रतिपक्षाच्या बाकावर. न जमल्यामुळे बार्सिलोनाने त्याला वर्षभरासाठी बायर्नला उसना दिला होता. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी तो मैदानात उतरला, लेवांडोव्हस्कीच्या गोलाला पास दिला आणि नंतर दोन गोल स्वतः केले. गोल करून त्याने आनंद साजरा केला नाही. बार्सिलोनाचा जो खेळाडू त्या संध्याकाळी सर्वांत परिणामकारक ठरला, तो असा लाल पोशाखात होता.

उलट बाजूचा तक्ता पाहावा. लेवांडोव्हस्की २०१४ साली डॉर्टमुंडचा करार संपल्यावर एक युरोही न मोजता आला. गोरेट्स्का शाल्कहून २०१८ साली तसाच आला. किमिख आणि नाब्री यांना प्रत्येकी ८०-८५ लक्षांच्या आसपास घेतलेले. म्युलर बालवयापासून क्लबच्याच शाळेत वाढलेला, आलाबाही किशोरवयात तेथेच आलेला. रकमांची ही तुलना डोळ्यांत भरणारी आहे, आणि बायर्नच्या प्रशंसकांनी ती पुष्कळ वेळा मांडलेली आहे.

मांडताना ते एक गोष्ट विसरतात. लेवांडोव्हस्की फुकट आला तो आपल्या सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्ध्याकडून. गोरेट्स्का आला तोही जर्मनीतल्याच दुसऱ्या क्लबकडून. स्वदेशातील दुसऱ्याचा उत्तम खेळाडू उचलायचा, म्हणजे आपण एकाने बळकट आणि तो एकाने दुबळा, हा बायर्नचा जुना शिरस्ता आहे. २०२० चे लीग विजेतेपद त्यांचे सलग आठवे होते, आणि ही मालिका पुढे अकरापर्यंत गेली. २०२४ साली लेव्हरकुसेनने ती खंडित केली. क्लबाच्या मतांची बहुसंख्या सभासदांच्याच हाती राहावी, हा जर्मनीतला नियम आदर्श म्हणून जगभर सांगितला जातो. परंतु तोच नियम असूनही एकाच क्लबने वर्षानुवर्षे लीग खिशात घालावी, यावरून नुसत्या नियमाने समता येत नाही एवढे तर दिसतेच. ज्या देशात दर शनिवारी एकतर्फी विजयाची सवय लागलेली आहे, तेथील संघाला लिस्बनच्या ८-२ मध्ये स्वतःचे दोष दिसणे कठीणच होते.

बार्सिलोनाही सभासदांचाच क्लब. एक लाखाहून अधिक सभासद वार्षिक वर्गणी भरतात आणि अध्यक्ष निवडतात. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, निवृत्त कामगार आहेत. वर्गणी भरणाऱ्या या माणसांना आपल्या क्लबाच्या डोक्यावर किती कर्ज झाले आहे, याचा खरा आकडा कळला तो बराच उशिरा. अध्यक्ष बार्तोमेऊ यांच्याविरुद्ध अविश्वासाच्या ठरावासाठी वीस हजारांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि २७ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढे नवे अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले की कर्ज १३५ कोटी युरोंचे आहे आणि खेळाडूंच्या वेतनावर होणारा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के आहे. शंभर रुपये मिळवावेत आणि पगारावरच एकशे तीन खर्चावेत, हा व्यवहार कोणत्याही पतपेढीच्या चिटणिसाला आठवड्यात लक्षात आला असता. क्लबाच्या ताळेबंदात तो वर्षानुवर्षे दडून राहिला, कारण संघ जिंकत होता. २०१८ आणि २०१९ साली बार्सिलोनाने स्पॅनिश लीग जिंकली होती; रोममध्ये ३-० आणि लिव्हरपूलमध्ये ४-० असे जे दोन घाव मधल्या काळात बसले, त्यांना अपघात म्हणून बाजूला सारण्यात आले होते.

घाईचे निकालपत्र

सामन्याच्या रात्रीच बचावपटू जेरार्ड पीके याने दूरचित्रवाणीवर सांगितले की, क्लबाला बदल हवा आहे आणि त्यासाठी बाजूला होण्यास आपण तयार आहोत. तीन दिवसांनी प्रशिक्षक किके सेतियेन यांना काढण्यात आले. पाठोपाठ रोनाल्ड कूमन आले. सुआरेझला आता तुझी गरज नाही असे कळविण्यात आले, आणि २५ ऑगस्ट रोजी मेस्सीने क्लब सोडण्याची इच्छा लेखी कळविली. वयस्क, थकलेला, संपलेला संघ, असे निकालपत्र आठ गोलांच्या आधारे लिहिले गेले.

ते किती टिकले? सुआरेझ नगण्य किमतीत अतलेतिको माद्रिदला गेला, तेथे त्याने लीगमध्ये २१ गोल केले आणि २०२१ चे स्पॅनिश विजेतेपद त्या क्लबाला मिळवून दिले. अखेरच्या दिवशीचा निर्णायक गोल त्याचाच. मेस्सीला त्या वर्षी थांबावे लागले, पुढच्या वर्षी पैशाअभावी क्लबला त्याचा नवा करार नोंदविता आला नाही, तो रडत रडत बाहेर पडला, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याने अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. हे दोघेही लिस्बनमध्ये मैदानावर होते. खेळाडू संपलेले नव्हते; त्यांच्याभोवतीची घडी विस्कटली होती. धावफलक या दोहोंत भेद करीत नाही. तो करण्याचे काम पाहणाऱ्याचे, आणि ते कुणी केले नाही.

विजेत्याच्या निकालपत्राची गतही फार वेगळी झाली नाही. लिस्बनमध्येच पुढच्या फेरीत ल्योंच्या आघाडीवीरांनी बायर्नच्या बचावफळीमागच्या जागेत आरंभीच दोनदा मुसंडी मारली. एकदा नेम चुकला, एकदा चेंडू खांबावर लागला. सामना ३-० असा बायर्नने जिंकला म्हणून तेही विस्मरणात गेले. २३ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात पॅरिसच्या नेमारला आणि एमबाप्पेला तशाच संधी मिळाल्या. नॉयर पुन्हा आडवा आला, आणि किंग्सले कोमानच्या एकमेव गोलावर चषक म्युनिकला गेला. तीन सामने, बारा गोल, तीन विजय. प्रत्येक सामन्याच्या पूर्वार्धात तोच एक धोका मात्र जसाच्या तसा होता. तो झाकला तो प्रामुख्याने एका गोलरक्षकाने.

लिस्बननंतर सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच २७ सप्टेंबर रोजी हॉफनहाइमने बायर्नला ४-१ असे हरविले. थियागो तोवर लिव्हरपूलला निघून गेला होता. घोळक्यातून चेंडू सोडवून आणणारा त्याच्यासारखा दुसरा कुणी नव्हता. जानेवारीत दुसऱ्या श्रेणीतील कीलच्या संघाने जर्मन चषकातून बायर्नला बाहेर काढले. लीग त्यांनी जिंकली, पण ४४ गोल स्वीकारून. विजेत्या संघाच्या मानाने ही संख्या लाजिरवाणी होती. एप्रिलमध्ये पॅरिसच्या संघाने, म्हणजे बहुतांशी त्याच एमबाप्पेने, म्युनिकमध्ये येऊन त्याच मोकळ्या जागेतून ३-२ असा सामना काढला आणि बायर्नची युरोपातील सत्ता संपली. २०२० च्या उन्हाळ्यात लेवांडोव्हस्कीचे १५ आणि संघाचे ४३ गोल मोजण्यात जे रंगले होते, त्यांना हा बदल अनाकलनीय वाटला. ज्यांनी आल्बाचा तो सातव्या मिनिटाचा चेंडू लक्षात ठेवला होता, त्यांना वाटला नसावा.

बायर्न म्युनिक हे नाव महाराष्ट्रातही आता केवळ दूरचित्रवाणीपुरते राहिलेले नाही. २००८ साली ऑलिव्हर कानच्या निरोपाचा सामना खेळण्यासाठी हा क्लब कोलकात्यास आला होता, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने याच क्लबाशी करार करून चौदा वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा घेतली, निवडक मुलांना म्युनिकला प्रशिक्षणासाठी पाठविण्याची सोय केली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या शाळांतून जी मुले या निमित्ताने मैदानावर आली, त्यांच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना ८-२ चा सामना दाखविला असेल, तर चांगलेच. पण पहिली दहा मिनिटे दाखवून तेथे चित्र थांबवावे आणि पोरांना विचारावे, कोण जिंकेल असे वाटते? या प्रश्नातून जे शिक्षण होईल, ते पुढच्या ऐंशी मिनिटांतून होणार नाही.

खुद्द फ्लिक यांची पुढची वाटचाल हा या हिशेबाचा उरलेला भाग आहे. २०२१ साली ते जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०२२ च्या विश्वचषकात जपानने त्यांना २-१ असे हरविले, जर्मनी साखळीतच बाद झाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जपानकडूनच ४-१ असा पराभव पत्करल्यावर त्यांची गच्छंती झाली. २०२४ साली त्यांना बोलावणे आले ते, दैवाची गंमत अशी की, बार्सिलोनाहून. लेवांडोव्हस्की तेथे दोन वर्षे आधीच पोहोचला होता. सतरा-अठरा वर्षांची पोरे घेऊन फ्लिक यांनी बचावफळी पुन्हा मध्यरेषेपर्यंत नेली. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या बार्सिलोनाने बायर्नला ४-१ असे हरविले, आणि तीनच दिवसांनी माद्रिदमध्ये जाऊन रेआलला ४-०. त्या सामन्यात एमबाप्पेसारखा वेगवान आघाडीवीर पुन्हा पुन्हा ऑफसाइडच्या सापळ्यात अडकत राहिला. स्पॅनिश लीग त्यांनी जिंकली, राजाचा चषकही जिंकला. युरोपच्या उपान्त्य फेरीत मिलानच्या इंटरशी गाठ पडली. पहिला सामना ३-३. दुसऱ्या सामन्यात, ६ मे २०२५ रोजी, दोन गोलांची पिछाडी भरून काढून बार्सिलोना ३-२ असा पुढे होता आणि नव्वद मिनिटे पूर्ण झाली होती. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला इंटरने बरोबरी केली, आणि वाढीव अर्ध्या तासात चौथा गोल करून सामना जिंकला. दोन सामन्यांत मिळून बार्सिलोनाने सहा गोल केले होते आणि सात स्वीकारले होते. बचावफळी शेवटपर्यंत पुढेच उभी होती. गोलचौकटीत नॉयर नव्हता.